तीन नंबरची चाकं

“दोन महिन्यांत ही पोरगी अशी पळायला लागली. आपल्या त्या गप्प मुलीला एवढं यायला दोन वर्षं लागली.”

कोच व्हॅनच्या पलीकडे उभे राहून वेळ नोंदवणाऱ्या बाईंना सांगत होते. गप्प मुलगी म्हणजे मी. मी व्हॅनच्या आत रोलर स्कीच्या जोड्या लावत बसले होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

रोलर स्की म्हणजे दोन्ही टोकांना चाक असलेली दोन फुटी पट्टी. बर्फ नसतो तेव्हा क्रॉस-कंट्री स्कीवाले यांच्यावर सराव करतात. आमच्या केंब्रिजच्या क्लबात तर जवळजवळ वर्षभर. मी पुण्याची. खरा बर्फाचा ट्रॅक मी अजून पाहिलेलाच नाही. मला हा खेळ आवडला कारण हेल्मेट आणि काळा गॉगल घातलेल्या माणसाने बोलावं अशी कुणाची अपेक्षा नसते.

कोच जिचं कौतुक करत होते ती लंडनच्या इल्फर्डची, इथेच जन्मलेली, शाळेत असल्यापासून दर हिवाळ्यात फ्रान्सला स्कीइंग करून आलेली. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “ओ माय गॉड, तू मराठी? माझा मम्मी किती हॅपी होईल!” आठवड्याभरात मी तिची ताई झाले. तोल गेला की कडेच्या गवतावर कसं पडायचं ते मीच तिला शिकवलं. ती पडली की हसत सुटायची. मी पडले की आधी कोण बघतंय ते बघते. तिच्या विनोदांवर कोच पोट धरून हसायचे. मला दोन वर्षांत त्यांनी “ऑल राइट?” यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

त्या रविवारी ट्रायल होती. सप्टेंबरच्या रिले शर्यतीसाठी मुलींच्या टीममध्ये एकच जागा उरली होती, ती किंवा मी. आईला मी फोनवर आधीच सांगून टाकलं होतं, माझं सिलेक्शन झालं म्हणून.

ट्रायलला सगळ्यांना दोन नंबरची चाकं असतात, म्हणजे कुणाला जास्तीचा फायदा नको. तीन नंबरची मुद्दाम हळू फिरतात, पायांची ताकद वाढवायला. जोड्या वाटणं माझं काम. ती उशिरा धावत आली आणि कोपऱ्यातली एक जोडी उचलून निघाली. चाकाच्या कडेवरचा तीनचा आकडा मला स्पष्ट दिसला.

“ताई, गुड लक हं! मला फार मागे टाकू नकोस!”

मी मान खाली घालून हेल्मेटचा पट्टा आवळला.

मी चार सेकंदांनी जिंकले. ती गवतावर आडवी पडून धापा टाकत होती. “माझे पाय संपले! तू सॉलिड आहेस, ताई. रेसला आम्ही सगळे येणार तुला चिअर करायला. मम्मी वडे आणेल.”

“वेल डन,” कोच माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले आणि कागदावर माझं नाव लिहायला लागले. ती थाप मला हवी होती. दोन वर्षं हवी होती.

तिच्या स्की उचलून मी व्हॅनकडे निघाले. चाकं अजून कोमट होती. कोपऱ्यात ठेवून दिल्या असत्या तर कुणाला कळणार नव्हतं. खरं सांगते, मला तिची दया आली नाही. राग आला. असल्या चाकांवर अख्खी ट्रायल ओढूनसुद्धा ती माझ्या फक्त चार सेकंद मागे होती. दोन नंबरच्या चाकांवर मला तिची पाठसुद्धा दिसली नसती, आणि हे आता जगात फक्त मला माहीत होतं.

मी परत फिरले. कोचच्या हातात अजून पेन होतं. मी स्की त्यांच्यासमोर धरल्या, आकडा वर येईल अशा.

“हिच्या पायात तीन नंबरची चाकं होती,” मी म्हणाले. ती गवतावर उठून बसली. “मला सुरुवातीलाच दिसलं होतं.”