त्र्याहत्तरने भाग जाणारी चादर

२८ फेब्रुवारी २०२० रोजी आरएसए-२५० या अडीचशे अंकी संयुक्त संख्येचे दोन मूळ अवयव जाहीर झाले. अवयव शोधण्याच्या आव्हानासाठी काढलेल्या त्याच यादीतली पुढची, दोनशे साठ अंकी संख्या मात्र फुटली नव्हती. ती दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे एवढे ठाऊक. त्या दोन कोणत्या, हे गुलदस्त्यात. अशा संख्येचे काय करावे हे जगाला सुचेना, ते सोलापूरच्या एका गणितप्रेमी मंडळाला सुचले. तिची चादर विणायची आणि २०२३च्या गणित दिनाला पाहुण्यांच्या खांद्यावर घालायची.

काम मल्लप्पाकडे आले. मल्लप्पा जकार्डची कार्डे पाडतो. म्हणजे नक्षी पाहून पुठ्ठ्यांना भोके पाडतो, आणि त्या भोकांच्या हुकमाने माग सूत उचलतो. शिक्षण सातवी, घरी कानडी. अठ्ठावीस वर्षांत त्याचे एकही कार्ड चुकले म्हणून परत आले नव्हते. मिरवावे असे त्याच्याजवळ एवढेच होते.

मंडळाचे अध्यक्ष बिरुदेवसर हे निवृत्त मुख्याध्यापक. गणितावर त्यांचे प्रेम इतके हळवे, की गणित सोडवून त्याला त्यांनी कधी दुखावले नाही. त्यांनी संख्येचा छापील कागद दिला. मल्लप्पाने वीस अंकांची एक, अशा तेरा ओळी आखल्या आणि सरांना सांगायला गेला, की या मागाची बांधणी दुहेरी आहे. प्रत्येक ओळ शेजारी-शेजारी दोनदा उमटणार. एकदाच हवी तर बांधणी बदलावी लागेल, आठवडा जाईल. सरांनी हात झटकले. दोनदा आली तर चादर भरल्यासारखी दिसेल, म्हणाले.

समारंभात सरांनी चादर उलगडून सभागृहाला आव्हान दिले, की हिच्यावरच्या संख्येला भाग लावून दाखवणारा पृथ्वीवर जन्मायचा आहे.

दुसऱ्या रांगेतून महाविद्यालयात गणित शिकवणारी प्रतिक्षा उठली. "सर, त्र्याहत्तरनं भाग जातो की."

मग तिने फळ्यावर मांडले. सत्तेचाळीसशेजारी सत्तेचाळीस लिहिले की ४७४७, म्हणजे ४७ गुणिले १०१. वीस अंकी ओळ दोनदा लिहिणे म्हणजे तिला एक, एकोणीस शून्ये आणि पुन्हा एक अशा संख्येने गुणणे. त्या संख्येला त्र्याहत्तरने नि:शेष भाग जातो. तेराही ओळी तशाच, म्हणून सबंध चादरही तशीच. सभागृह हसले. पाहुणेही हसले, हे सरांना अधिक झोंबले.

"कार्डवाल्यानं घोळ घातला," ते ध्वनिक्षेपकावरून म्हणाले.

मल्लप्पा मागच्या खुर्चीवरून उठून थेट फळ्यापाशी आला. "दोनदा येतंय म्हणून तुमाला सांगितलं हुतं, सर. आता घोळ म्हणताय, तर कुटला आकडा चुकलाय तेवढा दावा. चुकला आसंल तर उद्यापास्नं कार्ड पाडणार न्हाय."

प्रतिक्षाने छापील कागद मागवला. प्रत्येक ओळीचा डावा अर्धा भाग तिने एकेक अंक मोठ्याने वाचून कागदाशी ताडून पाहिला. वीस मिनिटे लागली. गणितप्रेमी तोवर अल्पोपाहाराकडे सरकले होते. दोनशे साठपैकी दोनशे साठ बरोबर निघाले. सर म्हणाले, प्रश्न अंकांचा नसून भावनेचा आहे.

आठवड्याने मंडळाच्या इतिवृत्तात ओळ आली: "कारागिराच्या चुकीमुळे संख्या सदोष." मल्लप्पाला कळताच त्याने प्रतिक्षाला सोबत घेऊन कार्यालय गाठले. इतिवृत्तातले खोडायला नियम आडवा आला. मग ओळीखाली तिने लिहिले, "सर्व अंक मी ताडून पाहिले, एकही चुकीचा नाही," आणि सही केली. मल्लप्पाने ते दोनदा वाचून घेतले आणि तो कामावर गेला.

वरच्या, चुकीचा ठपका ठेवणाऱ्या ओळीला मात्र कोणाची सही नाही. अक्षर आपले नसल्याचे सर सांगतात. ते कोणाचे, हे ठरलेले नाही. मूळ दोनशे साठ अंकी संख्येचे अवयव हे लिहीपर्यंत जाहीर झाल्याची नोंद सापडलेली नाही.