अठरा वेळा केलेला कोर्स

अठराच्या अठरा कर्मचारी पास. नव्वदच्या खाली कुणी नाही. फीडबॅक फॉर्मवर सगळ्यांची ‘अत्यंत समाधानी’वर टिक. नाशिकच्या एका प्रशिक्षण केंद्रात मी सरकारी कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन कोर्सची कोऑर्डिनेटर होते. असा रिझल्ट कधी पाहिला नव्हता, म्हणून लॉग उघडला. लॉग म्हणजे कोण, कधी, कुठल्या कॉम्प्युटरवर बसलं याची मशीनने ठेवलेली हजेरी. अठराही जण एकाच कॉम्प्युटरवर, दुपारच्या सुट्टीत, दिवसाला एक.

“मॅडम, रिपोर्ट मुंबईला जायचाय,” आमचे देवरे साहेब म्हणाले. “चांगलं झालंय ते कशाला उकरताय?”

“एकदा बघून येते, सर.”

एसटीने त्या तालुक्याच्या ऑफिसात गेले. तालुका कुठला ते सांगत नाही. हेडक्लार्क बोरस्ते भाऊसाहेबांनी चहा मागवला. मी म्हटलं, “चहा घेऊच, पण आधी तिसरा धडा उघडून दाखवा.”

भाऊसाहेबांनी माऊस सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत नेला आणि थांबले. “जागा संपली,” म्हणाले.

“उचलून परत मधी ठेवा, भाऊसाहेब,” दारातून आवाज आला. त्या शिपाई सुशीलाबाई. मग त्या माझ्याकडे वळल्या. “म्याडम, सगळ्यांचा कोर्स मीच केला. यांना माऊसची लय भीती.”

“आणि पासवर्ड?”

“वहीत लिहिलेत.”

दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं म्हणजे कारवाई, आणि ती बाईंवरच आली असती. भाऊसाहेब उभे राहिले. “आम्हीच त्यांना सांगितलं होतं. लिहायचं तर माझं नाव लिहा.”

“पण कॉम्प्युटर येतो का, हे आम्ही आधीच विचारलं होतं. सगळ्यांनी ‘हो’ लिहिलंत!”

“फॉर्म इथल्या साहेबांसमोर भरायचा होता. ‘नाही’ कोण लिहिणार?”

म्हणजे घोळ आमच्यापासूनच होता. मी सुशीलाबाईंना चार प्रश्न विचारले. चारही उत्तरं बरोबर. शिपायांची नावं कोर्सच्या यादीत नव्हतीच, आणि शिकल्या होत्या फक्त त्याच.

नाशिकला येऊन रिझल्ट रद्द केला, पासवर्ड बदलले, महिन्याची मुदत मागितली. देवरे साहेब वैतागले, पण सही केली. सुशीलाबाईंनी प्रत्येकाशेजारी बसून शिकवायचं असं ठरलं. अट एकच, त्यांनी माऊसला हात लावायचा नाही. त्यांना ते फार जड गेलं.

महिन्याने सतरा पास, एक काठावर नापास. भाऊसाहेबांना एकसष्ट. फॉर्मवर मात्र तक्रारीच तक्रारी: अक्षरं बारीक आहेत, पाचवा धडा मध्येच बंद पडतो. तपासलं तर तो खरंच बंद पडत होता.

“समाधान घसरलं की हो,” साहेब म्हणाले.

“सर, आता ते स्वतः धडे उघडतायत.”

पाचवा धडा दुरुस्त झाला. यादीत एकोणिसावं नाव घालून सुशीलाबाईंना सर्टिफिकेट दिलं. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. दोन मार्क कुठे गेले, म्हणून त्यांनी मला फोन केला.

तेव्हापासून एकही तक्रार नसलेला फीडबॅक आला, की मी आधी एसटीचं वेळापत्रक बघते.