दौलताबाद: अर्ध्यावरून परत

"दुखणं पूर्ण जाणार नाही, पण चालणं सोडू नका," असं डॉक्टर म्हणाले आणि मी थेट दौलताबादचा किल्ला चढायचं ठरवलं. अकरा वर्षं खो-खो खेळले. खेळ सुटून सहा वर्षं झाली, तरी डावा गुडघा रोज दुखतो. डोकं मात्र अजून खेळाडूचंच आहे. बरं वाटलं की एका दिवसात सगळं उरकायचं, मग तीन दिवस अंथरुणात.

सोबतीला मंगल होती, आमच्या संघाची तेव्हाची कर्णधार. शहरातल्या उस्मानपुऱ्यातून, माझ्या घरून, रिक्षानं सकाळी सातला तिच्याकडं छावणी भागात पोचले. तिथून तिच्या स्कूटरवर अर्धा तास. लवकरच जा, ऊन चढलं की दगड तापतात. पाणी खालूनच न्या.

चांदमिनारपर्यंत रस्ता सोपा आहे. खंदकावरचा पूलही झाला. पुढं अंधारी, म्हणजे डोंगरात खोदलेला काळोखा बोगदा. पायऱ्या उंच, एकीसारखी दुसरी नाही. दहाव्या-बाराव्या पायरीवर गुडघ्यात कळ आली. तरी पुढची पायरी चढले.

"थांब," मंगल म्हणाली. "दात आवळलेस तू."

"काही नाय. चल."

"त्या फायनललाबी असंच म्हणलीस. अन् मी म्हणलं, एक डाव काढ. माझ्यामुळंच गेला ना तुझा गुडघा?"

तिच्या मोबाईलचा उजेड माझ्या तोंडावर होता, तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. इतकी वर्षं ती हे मनात धरून होती, मला पत्ताच नव्हता.

"मंगल, तो आदल्या दिवशीच सुजला होता. संघातून काढतील म्हणून मी सांगितलंच नाही."

ती माझ्या शेजारच्या पायरीवर टेकली. मग म्हणाली, "सांगायचं होतंस गं."

"व्हय. आता सांगते. लई दुखतंय. वर नाही जमणार."

तिच्या खांद्याला धरून एकेक पायरी उतरले. पायथ्याशी चहा-भजी खाल्ली. मंगल खूप बोलली, ती शाळेत खो-खो शिकवते त्या मुलींबद्दल, स्वतःच्या पाठदुखीबद्दलही. ती पाठदुखी मला पहिल्यांदाच कळत होती.

दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, पण एकच दिवस. दुखणं कमी झालेलं नाही. ते लपवण्यात किती ताकद जात होती, ते मात्र कळलं.

नवऱ्यानं विचारलं, "गेलीस का वरपर्यंत?"

"नाही," म्हटलं, आणि पुढं कुठलंही कारण जोडलं नाही.