चित्रपटातली आई बेपत्ता

"फौजदारसाहेब, माझी आई पळवली हो! उद्या सकाळी शूटिंग आणि आज आई गायब!"

चिंचवडच्या चौकीत भर दुपारी शिरलेला हा इसम एवढ्या जोराने ओरडत होता की पवनेपलीकडे थेरगावात बैल दावणीला बिचकले असतील. ठाणे अंमलदार खुर्चीतल्या खुर्चीत दचकून जागा झाला आणि त्याने भिंतीलाच सॅल्यूट ठोकला. मी विचारले, "आईचं वय?"

"असेल चाळिशीच्या आसपास."

"आणि तुमचं?"

"पंचेचाळीस."

हवालदाराने टाक खाली ठेवला. "साहेब, हे स्टेशन डायरीत कसं लिहू?"

ती दुपार आठवली की मला अजून आधी हसू येते. मग येत नाही. नावे सांगणार नाही. माणसे गेली, पण त्यांची नातवंडे धडधाकट आहेत आणि मला या वयात कोर्टकचेरी नको.

पन्नास ते साठच्या दरम्यानची गोष्ट. पिंपरीच्या माळावर एखाद-दुसरा कारखाना उभा राहत होता. बाकी चिखली, महाळुंगे, चाकण म्हणजे बाजरी, कांदा आणि विंचू. विंचू एवढे दांडगे की आमचा हवालदार त्यांना बेड्या घालून आणत असे. मी स्वतः पाहिले आहे, त्यामुळे वाद नको.

ओरडणारा इसम पुण्याच्या एका स्टुडिओत पडदे रंगवणारा पेंटर होता. स्टुडिओ बंद पडला. दुसऱ्या कुणी हातातला ब्रश सोडून विडी धरली असती. याने स्वतःचा बोलपट काढायचे ठरवले. भांडवल म्हणजे सासऱ्याची सायकल, भाड्याचा कॅमेरा आणि थोडी कच्ची फिल्म. नट परवडणारे नव्हते, म्हणून सगळा चित्रपट चिखलीच्या माणसांना घेऊन करायचा. कपडे ज्याचे त्याचे, बैल ज्याचे त्याचे, भाकरीसुद्धा ज्याची त्याची. फिल्म मोजकी, म्हणून कुठलाही प्रसंग एकदाच. चुकला तर चुकीसकट पडद्यावर.

चिंचेखाली पात्रांची निवड सुरू झाली आणि गावाने जत्रेचा न्याय लावला. गावात प्रत्येक गोष्टीला मान असतो. काठीला पहिला हात कुणाचा, पालखीला पहिला खांदा कुणाचा, सगळे ठरलेले. पाटील म्हणाले, "काठीला पयला हात आमचा, मग पडद्याव बी पयलं आमीच."

पेंटर हात जोडून म्हणाला, "पाटील, नायक विशीतला आहे."

"मग? आमी काय म्हातारं हाय व्हय?"

शेवटी तोड निघाली. पाटलांनी घोड्यावरून यायचे, मिशीला पीळ द्यायचा आणि निघून जायचे. गोष्ट त्यानंतर सुरू. आमच्या हवालदाराला दरोडेखोर नेमले. मिशी लावायचा खर्च वाचला. मलाही नायकाचे काम देऊ केले होते. माझ्या हुद्द्याला खात्याचा नियम आडवा आला, नाहीतर मुंबईचे दोन-तीन नायक शेती करायला गेले असते.

घोडे अडले ते नायकाच्या आईपाशी. एकही बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहायला तयार होईना. मग एक बाई आपणहून आली. तिचा नवरा मोठ्या लढाईत पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या हद्दीवर गेला तो बेपत्ता झाला. मेला म्हणून कळले नाही, जिवंत म्हणूनही कळले नाही. ती दीर-जावेकडे राहायची. "तिनं नुसती मान वर केली," पेंटर मला सांगत होता, "आणि साहेब, माझी अख्खी गोष्ट त्या चेहऱ्यावर लिहिलेली होती."

तीच आता नाहीशी झाली होती. शूटिंग उद्यावर, कॅमेरा चार दिवसांत परत द्यायचा आणि आईवाचून गोष्टीचे पानही हलत नव्हते.

मी चिखली गाठली. तिथल्या पोलीस पाटलाने मला गोठ्याआड नेऊन खबर दिली, "सायेब, दिराला धरा. वहिनीच्या वाटणीव डोळा हाय त्याचा. त्यानंच कोंडली आसंल." हवालदाराला चाकणच्या बाजारात विचारपूस करायला पाठवले आणि दिराला चावडीवर बसवला.

माझी चौकशीची पद्धत साधी होती. आधी बोलायचे नाही, नुसते बघत राहायचे. निर्दोष माणूस चिडतो. मनात काही असलेला माणूस पाणी मागतो. हा गडी एवढे पाणी प्यायला की त्या वर्षी चावडीची विहीर लवकर आटली.

"वहिनीला कुठं ठेवलं?"

"म्या कशाला ठिवू, सायेब? उलट म्याच म्हनलं, कर की काम, चांगलं हाय."

याचे मला नवल वाटले. ज्या घरात बाईला विहिरीवरून यायला उशीर झाला तर जाऊ दारात उभी राहते, त्या घरचा पुरुष वहिनीला सिनेमात धाडायला राजी? मी विचारले, "एवढी हौस कशापायी?"

"न्हाई, म्हनलं, येकदा समद्या गावादेखत कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, की..." आणि तो थांबला. परत पाणी मागितले.

मी पेंटरकडे वळलो. "तुमचा पहिला प्रसंग काय आहे हो?"

"नवरा गेल्याची बातमी येते. इंद्रायणीच्या घाटावर आईचं कुंकू पुसतात."

"हे तिला सांगितलं होतं?"

"काल संध्याकाळी. आधी सांगितलं की अभिनय शिळा होतो, साहेब."

वाचकांना जुनी रीत ठाऊक नसेल म्हणून सांगतो. परागंदा माणसाची बारा वर्षे खबर आली नाही, की दर्भाचा पुतळा करून त्यालाच अग्नी देत आणि मागे राहिलेल्या बाईचे कपाळ मोकळे करत. दिराने त्याच साली भटजी आणून दर्भ मागवला होता. बाईने ती पेंढी उचलून गाईपुढे टाकली होती. जे भटजीला जमले नाही ते कॅमेऱ्याकडून करून घ्यायचा दिराचा बेत होता. कायद्याच्या कुठल्याच कलमात हा गुन्हा बसत नाही. तरी मी त्याला असा काही दम दिला की तो पुढे आयुष्यभर माझी सायकल दिसली तरी वाट बदलायचा.

तेवढ्यात हवालदार धापा टाकत आला. "साहेब, आपला तो घरोघर फिरणारा कासार भेटला. सकाळी चाकणच्या बाजारात बाईनं त्याच्याकडून दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या भरल्या. मी सांगतो, ती कुणाबरोबर तरी पळाली."

"हवालदार," मी म्हणालो, "पळून जाणारी बाई ओळखीच्या कासारापुढं हात करत नाही."

पेंटरला मागे कॅरियरवर घेऊन मी चाकणला निघालो. दिवेलागणीला पोहोचलो. बाजार उठला होता आणि मोकळ्या जागेत फिरत्या टॉकीजचा तंबू लागला होता. पहिला खेळ चालू होता. कनातीच्या फटीतून पाहिले, तर बायकांच्या बाजूला ती बसलेली. सगळा तंबू पडद्याकडे तोंड करून हसत होता. ती पडद्याकडे पाठ करून पुरुषांच्या रांगा बघत होती. पडद्याचा उजेड त्या चेहऱ्यांवर पडत होता आणि ती एकेक चेहरा निरखीत होती.

मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "मावशी, खेळ चुकतोय तुमचा."

"खेळ बघाया न्हाई आली म्या," ती म्हणाली. दचकली नाही, उठलीही नाही. "तंबूवाल्याला इचारलं, कुटंकुटं जातोस म्हून. म्हनला खेड, मंचर, जुन्नर, पार नाशकापतुर. तितनं फुडं दुसरं तंबू. मानूस कुटं बी आसू द्या, कंदी तरी तंबूत शिरतोच. आमच्या मालकास्नी तर लई याड खेळाचं."

"म्हणून तुम्ही काम घेतलंत?"

"व्हय. त्यास्नी दिसंल म्हून."

पेंटर मागून रडकुंडीला येऊन म्हणाला, "मग आलात का पळून? चला की बाई!"

तिने त्याच्याकडे पाहिले. "आन् काय दिसंल त्यास्नी? बायकूचं पांढरं कपाळ? घरच्यांनी आपल्याला मेलं धरलं म्हून येत आसलं तरी माघारी फिरतील की हो."

खेळ सुटून शेवटचा पुरुष बाहेर पडेपर्यंत मी तिला उठवले नाही.

मग तंबूवरून परतणाऱ्या एका बैलगाडीत सायकल मागे टाकून आम्ही सगळे बसलो. पेंटर स्वतःशी बडबडत होता. विधवा नाही तर दुःख कुठून आणू, दुःख नाही तर गोष्ट कशी उभी करू? मी म्हणालो, "शेजारी बसलीय ती गोष्ट नाही तर काय आहे?" तो पुढे मरेपर्यंत म्हणत राहिला की ही कल्पना त्याचीच. ते असो. वाटेत मोशी येईपर्यंत चित्रपटातला मेलेला नवरा जिवंत झाला होता. तो परमुलखात गेला आहे आणि आई वाट बघते आहे, असे ठरले.

"पुसायचं न्हाई?" तिने दोनदा विचारून घेतले.

"नाही, बाई."

"मग कुंकू मोठं लावते. लांबनं दिसाया पायजे."

डायरीत मी लिहिले, 'आई सुखरूप मिळून आली. तक्रार नाही.' वरिष्ठांनी त्यावर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले, ते काढोत बापडे.

पुढे नोकरीत मी कितीतरी हरवलेली माणसे शोधली. पोरे, म्हातारे, रागावून गेलेल्या सुना. प्रत्येक वेळी आधी हाच प्रश्न विचारला, की हे माणूस स्वतः कुणाला शोधत होते? बहुतेक वेळा तिथेच सापडले. खात्याच्या कुठल्या पुस्तकात हे नव्हते. चाकणच्या तंबूत ते मला कळले. तो बेपत्ता शिपाई मात्र माझ्याने सापडला नाही. पलटणीच्या कचेरीत मी जाऊन आलो, बदलीच्या गावी कुणी ब्रह्मदेशातून आलेला भेटला की त्याला विचारले. अजूनही लष्करी चालीचा म्हातारा रस्त्यात दिसला, तर मी दोन पावले त्याच्या मागे जातो.

चित्रपट त्या सुगीला काही तंबूंतून फिरला आणि मग विरून गेला. चाकणला त्याचा पहिला खेळ झाला तेव्हा पाटलांच्या घोड्याला शिट्ट्या पडल्या, दरोडेखोर हवालदाराला बघून लोक हसले. पण आई पडद्यावर वाटेकडे डोळे लावून उभी राहिली, तेव्हा सबंध तंबूत विडी ओढायलाही कुणी हलले नाही.

खेळ सुटल्यावर मी तिला बाहेर गाठले. "मावशी, आता हा तंबू नाशिकपर्यंत जाणार. कुणी सांगावं, मालक बघतीलही."

तिने पदर नीट केला.

"लई म्हातारी दिसती म्या त्यात," ती म्हणाली. "वळखायचं न्हाईत ते."