दाजींची गाठ

विमानात बॉम्ब फुटून दाजी गेले, त्याला महिना झाला होता. तपासाचे दोन अधिकारी निपाणीला आक्काच्या घरी येणार म्हणून दुभाषाचं काम करायला मी बेळगावच्या खासबागेतून पहिल्या बसनं गेलो. निवृत्त मास्तर, तीन भाषा येतात, तेव्हा छाती फुगवूनच.

पहिलाच प्रश्न आला, "त्यांच्याकडे कुणी काही सामान दिलं होतं का?"

दिलं होतं. मीच. परदेशातल्या माझ्या लेकासाठी बेळगावी कुंद्याचा डबा, कापडात शिवून, सुतळीनं बांधून. आता आपण आत जाणार, पेन्शन बंद होणार, या भीतीनं मी आक्काला सांगितलं, "चहा ठेव म्हणतायत." महिन्याभरापूर्वी नवरा गेलेली बाई उठून चहाला गेली.

अधिकाऱ्यानं फायलीतून फोटो काढला. पोचे आलेला, एका बाजूनं करपलेला माझाच डबा, सुतळीची गाठ तशीच, आणि कापडावर वळणदार अक्षरात माझंच नाव. "तुमच्यावर संशय नाही," तो शांतपणे म्हणाला. "हा ज्या बॅगेत सापडला ती त्यांचीच का, एवढंच विचारायचंय."

मी ऐटीत खुलासा करणार, तोवर आक्कानं कपबशा ठेवून फोटो हातात घेतला. माझ्या नावाकडं तिनं बघितलंही नाही. प्रवासाला निघताना माझी ढिली सुतळी बघून दाजी हसले होते आणि त्यांनी ती सोडून पुन्हा बांधली होती. जन्मभर तंबाखूचे बोद, ते मोठाले गठ्ठे, बांधलेला माणूस.

"गाठ ह्यांची हाय," आक्का म्हणाली. "त्यास्नी सांग रं, सोडू नगा म्हणावं."