अठ्ठावीस नंबरची बातमी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर गवार मोडली. संध्याकाळचे सहा वाजले असतील. शेंगा ती मोडत होती, शिरा मी काढत होतो, कारण तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आठच दिवस झाले होते आणि शिरा काही तिला दिसत नव्हत्या. डॉक्टरांनी मोबाइल बघायला मनाई केली होती. म्हणून मध्ये मध्ये हात पुसून मीच तो वाचून दाखवायचो.

मोबाइल म्हणजे तिच्या कॉलेजच्या वर्गाचा ग्रुप. सगळी सत्तरी ओलांडलेली माणसं, पण एकमेकांना अजून रोल नंबरानं हाक मारणार. आमची ही सत्तावीस. तिच्या शेजारी बाकावर बसायची ती अठ्ठावीस. मला बाकीच्यांची नावं धड माहीत नव्हती आणि त्यांनाही माझं नव्हतं. ही बी.ए. आणि मी सातवी नापास, गॅरेजात फिटर. हे लग्न झालं कसं, हा विषय त्या वर्गाला पन्नास वर्षं पुरला. लग्नाला त्यातली एकच आली, अठ्ठावीस. येताना वातीचा स्टोव्ह घेऊन आली. त्याच्यावर आम्ही पाच वर्षं स्वयंपाक केला.

लढाई सुरू व्हायच्या आधी ग्रुपवर गुडघे, साखर आणि सुना एवढंच असायचं. लढाई लागली आणि सगळ्यांची पोरंबाळं कुठे कुठे आहेत ते कळायला लागलं. चार नंबरची मुलगी जम्मूला बँकेत, रोज भोंगा वाजला की जिन्याखाली जाऊन बसायची. अकरा नंबरचा जावई बोटीवर, त्याचा आठवडाभर फोन नाही. नऊ नंबरचा गृहस्थ सगळं विसरत चाललाय. ही मंडळी कॉलेजात असताना एक लढाई झाली होती, तेव्हा पोरींनी जवानांसाठी स्वेटर विणले होते. तो तिथेच अडकलाय. रोज सकाळी विचारायचा, स्वेटर झाले का. पहिल्या दिवशी सगळे हसले. मग कुणी उत्तर द्यायचं बंद केलं.

अठ्ठावीसचा एकुलता नातू फौजेत होता, सीमेवरच. दोन दिवसांपूर्वी कळलं होतं की जखमी आहे, ऑपरेशन करणार आहेत. तेव्हापासून हिचं एकच, "अहो, बघा ना काही आलंय का."

"पाच मिनिटांपूर्वी बघितलं."

"परत बघा. आणि बोट ठेवून वाचा, ओळी गाळता तुम्ही."

बघितलं. अठ्ठावीसच्या नंबरावरून इंग्रजीत काहीतरी लांबलचक आलं होतं. इंग्रजी आलं की मी एकेक अक्षर सांगायचो आणि ही शब्द जुळवायची, अशी आमची पद्धत. त्यात अर्धा तास जायचा. म्हणून मी आधी खालचं मराठी बघितलं. एकानं लिहिलं होतं, "वाचला." दुसरीनं, "आत्ताच वाचला. देवाची मर्जी." त्याखाली जोडलेले हात, बरेच.

मी म्हणालो, "वाचला गं. पोरगा वाचला."

हिनं गवारीचं ताट बाजूला ठेवलं. "नीट बघा."

"दोघादोघांनी लिहिलंय. वर इंग्रजीत पण आहे काहीतरी. सांगू अक्षरं?"

"राहू द्या ते आता, उद्या बघू. मला तो बोलायचा लावून द्या."

ग्रुपवर नको, तिला एकटीला, म्हणाली. अठ्ठावीसच्या नंबरावर बोलून पाठवायचं बटण मी दाबून धरलं आणि ही बोलली. शब्दन् शब्द मला पाठ आहे. "अगं अठ्ठावीस, वाचला ना गं. मी म्हणत नव्हते? उगाच दोन दिवस डोळे गाळलेस. आता ऊठ, तोंड धू, घरात काहीतरी गोड कर. रविवारी आम्ही दोघं येतोय, यांना बासुंदी लागते." आणि हसली. ते हसणंही त्यात गेलं.

थोड्या वेळानं त्याच्यापुढच्या खुणा निळ्या झाल्या. मी सांगितलं, ऐकलं तिनं. उत्तर आलं नाही. ही म्हणाली, "रडत असेल आनंदानं." मग गवारीची भाजी केली, थोडं तिखट झालं, त्यावरून दोन शब्द झाले. सकाळी चहा घेऊन गेलो तर ही उठली नाही. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले.

बाराच्या आत सगळं उरकलं. मुलगी नाशिकहून आली होती. दुपारी ती आईचा मोबाइल घेऊन बसली. ग्रुपवर आईचं कळवायचं म्हणून उघडला, वाचतावाचता थांबली आणि आईचं अठ्ठावीसला गेलेलं बोलणं लावून ऐकलं. मला म्हणाली, "बाबा, आईनं हे काय पाठवलंय?"

इंग्रजी मजकूर त्या पोराच्या बापानं लिहिला होता. ऑपरेशन झालं, पोरगा गेला, पार्थिव कधी आणणार ते कळवतो, असं त्यात होतं. खाली लोकांनी 'वाचला' लिहिलं, ते मेसेज वाचला म्हणून.

मुलगी म्हणाली, "मी लिहू का त्यांना?"

"काही लिहू नकोस. आईचंही नको. आधी मी जाऊन येतो."

"सुतकात?"

"त्यांच्याकडेही सुतकच आहे."

हिची उभ्या जन्मातली एक मैत्रीण, आणि तिला हिचं शेवटचं बोलणं काय, तर गोड कर. हे माझ्या हातून झालं होतं आणि ते मलाच सांगायचं होतं. हिचं नाव त्या बाईच्या मनात तसं राहता कामा नये, बाकी मला काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिबवेवाडीहून स्वारगेट, तिथून हडपसर, पुढे मांजरीची बस. नव्या इमारती आहेत तिकडे. गेटवर पोराचा फोटो असलेला फ्लेक्स बांधत होते. वर दाराबाहेर चपलांचा ढीग. अठ्ठावीस खुर्चीत बसली होती. मला बघून म्हणाली, "भाऊजी, एकटेच आलात?"

"हो."

"तिला नाही आणलंत. बरं केलंत."

मी तिच्यासमोर खाली बसलो. म्हणालो, "ताई, चूक माझी आहे. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, मोबाइल मी वाचत होतो. लोकांनी वाचला लिहिलं, मला वाटलं पोरगा वाचला. तिला मीच सांगितलं."

ती म्हणाली, "तिला पाठीशी घालू नका. माझ्या मुलानं एवढं सविस्तर लिहिलं होतं. बी.ए. झालेली बाई ती, तुम्हाला विचारून बोलते होय?"

"इंग्रजी मला येत नाही, ताई. ते तसंच राहिलं."

"हसली ती, भाऊजी. शेवटी हसली. सुनेनं ऐकलं ते. पोराच्या आईनं."

मी तोंड उघडलं. दुसरी गोष्ट सांगायची होती, ती राहिलीच होती. तेवढ्यात कोपऱ्यातल्या कुणाचा तरी फोन वाजला आणि तो म्हणाला, लोहगावला विमान उतरलं. सगळी माणसं उठली. दोघी बायका अठ्ठावीसला धरायला आल्या. ती उभी राहता राहता मला म्हणाली, "तिला सांगा, मला फोन करू नकोस म्हणावं. कधीच."

मी म्हणालो, "सांगतो."

अशा घरातून निघताना येतो म्हणत नाहीत. मी चपला शोधल्या, जिन्यानं खाली आलो आणि गेटसमोर रस्ता मोकळा करत होते तिथे कडेला उभा राहिलो.