आक्काला भाकरतुकडा

आपली फजिती कुणी आपण होऊन सांगतं का? मीही सांगणार नव्हते. पण आमच्या आबांनी ती निलंग्याच्या बसस्टँडपासून आमच्या गल्लीपर्यंत सगळ्यांना सांगून टाकली आहे. तेव्हा निदान नीट तरी माझ्याकडून ऐका.

आबा म्हणजे माझे आजोबा. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी त्यांच्याकडे एक अ‍ॅम्बेसिडर गाडी होती. तिचं नाव आक्का. गावातले सगळे नवरदेव आक्कातून मिरवले. ढकलल्याशिवाय ती चालू व्हायची नाही, म्हणून लोक आधी वऱ्हाडात धट्टेकट्टे किती ते बघायचे आणि मग मुहूर्त धरायचे. पुढे आबांनी ती विकली. पण आबा शेतात असतानाच माणसं आली आणि गाडी घेऊन गेली. अजून ते म्हणतात, "एकदा भेटाय पाहिजे होती. नीट निरोपबी घेतला न्हाई तिचा."

आमच्याकडे आक्काचा एकच फोटो आहे, आबा-आज्जीच्या लग्नातला. तो मला पाठ आहे. डाव्या मडगार्डवर म्हशीच्या धडकेने पडलेला पोचासुद्धा.

तर झालं असं, की लातूरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. मावशीने मोबाइलवर फोटो पाठवले. त्यात एक काळी अ‍ॅम्बेसिडर होती. मी फोटो मोठा करून पाहिला. डाव्या मडगार्डवर पोचा!

मी आबांच्या मागेच लागले. निघताना आज्जीने कुंकवाची पुडी माझ्या हातात दिली. "माहेरवाशीण भेटायलीय. रिकाम्या कपाळाची ठेवू नको. अन् डब्यात भाकर हाय, तुकडा ओवाळून टाक. किती जणांच्या नजरा लागल्या असतील तिला."

आता मी कशी आहे ते तुम्हाला माहीत नाही. हजेरी देताना माझा आवाज फुटत नाही. समोर बसलेली असताना बाईंनी मला गैरहजर मांडलेलं आहे. त्यामुळे ही गाडी कुणाची, कुठून आली, हे तिथे कुणाला विचारणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. आणि विचारायचं कशाला? पोचा होता ना.

आबा गाडीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"आबा, हीच ना?"

"लई चमकायलीय," ते म्हणाले. डोळे भरून आले होते. मी तोच होकार समजले.

मग मी भाकरीचा तुकडा आणि पाणी गाडीवरून ओवाळलं, बाजूला टाकलं आणि दोन दिव्यांच्या मधोमध कुंकू लावलं. लोक जमले. एका काकूंनी विचारलं, "नवस हाय का काही?"

आणि कसं कोण जाणे, मी बोलायला लागले. आक्काचं नाव, तिचे नवरदेव, सगळं. हातात पिवळं फडकं घेतलेले एक काका फारच मन लावून ऐकत होते.

"मग चढ आला की काय करायचे?" त्यांनी विचारलं.

"सगळं वऱ्हाड उतरायचं. एकदा तर नवरदेवालासुद्धा उतरवलं."

"मग आत कोण राहिलं?"

"आबा. कुणीतरी चालवायला पाहिजे ना."

लोक हसले. मला आणखी चेव आला.

"अन् हा पोचा?" काका म्हणाले.

"म्हशीचा. तिला हॉर्न आवडायचा नाही."

"अस्सं. मला वाटलं, परवा ट्रकमधून उतरवताना पडला."

"नाही काका," मी त्यांना समजावलं, "तुम्हाला माहीत नसेल."

तेवढ्यात माइकवरून हाक आली. काळ्या अ‍ॅम्बेसिडरच्या मालकांनी स्टेजजवळ यावं. काकांनी फडक्याची घडी घातली आणि हात वर केला.

"आलो, आलो."

माझा आवाज निघून गेला. जिथे नेहमी राहतो तिथेच गेला असणार.

"वडिलांपासून आमच्याकडंच हाय, बाळा," काका हळूच म्हणाले. "हिचा सगळा जन्म हैदराबादेत गेला. म्हैस काय, बकरीबी आडवी आली न्हाई तिला."

मी रुमाल काढून कुंकू पुसायला गेले. त्यांनी हात धरला. "राहू दे. हिला इतक्या वर्षांत कुणी ओवाळलं नव्हतं." मग त्यांनी दार उघडलं. "बसा मामा."

आबा बसले. स्टेअरिंगवरून हात फिरवला, हॉर्न अगदी हलकेच दाबला आणि म्हणाले, "येतो गं आक्का." मग उतरून दार आवाज न करता लावलं.

परतीच्या एसटीत आबांनी डबा उघडला. मी विचारलं, "आबा, ती आपली नाही हे तुम्हाला कधी कळलं?"

"गेटातूनच."

"गेटातून पोचा कुठे दिसतो?"

"रंग दिसतो की. आपली आक्का हिरवी होती."

"फोटोत तर काळी आहे."

"त्या फोटोत तुझ्या आज्जीचा हिरवा शालूबी काळाच हाय. काळ्या शालूत लागलं का लग्न तिचं?"

आक्काबद्दल मी आबांना काय काय विचारलं होतं, फक्त रंग विचारायचा राहिला होता.

"मग मला अडवलं का नाही?"

आबांनी उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

"कसं अडवू? आक्काबी तुझ्यासारखीच. एकदा चालू झाली की मी इंजिन बंदच करायचो न्हाई. पुन्हा ढकलाय माणसं कुठनं आणू?"